सात आठे चोपन्न

आमच्या हेडमास्तरांच्या खोलीत दारापासून थेट टेबलापर्यंत टायरचा एक काळा पट्टा उमटलेला आहे. शिपायानं तो सोड्यानं घासला, राखेनं घासला, एकदा विटेनं घासला. फरशी झिजून पाव इंच खाली गेली. तिच्यासोबत पट्टाही खाली गेला, पण पुसला काही गेला नाही. बदली होऊन आलेला नवीन माणूस विचारतो, हे काय आहे? आम्ही सांगतो, विशेष बाई येत असत.

विशेष शिक्षिका हे त्यांच्या नेमणुकीच्या कागदावरचं नाव. ज्या पोरांना दिसत नाही, ऐकू येत नाही, चालता येत नाही किंवा ज्यांचं डोकं शाळेच्या घंटेवर चालायला तयार नाही, त्यांच्यासाठी कंत्राटावर नेमलेल्या बाई. केळापूरकडच्या शाळांपासून झरी जामणीच्या जंगलातल्या शेवटच्या वस्तीपर्यंतची पोरं त्यांच्या एकटीच्या पदरात. आता त्यांची नेमणूक तिकडं उमरखेडच्या बाजूला झाली आहे. उमरखेडच्या हेडमास्तरांना माझा नमस्कार. आपले पाय सांभाळा.

पायांचं असं झालं. सरकारचा हुकूम आहे की प्रत्येक शाळेला उतार पाहिजे, म्हणजे चाकाच्या खुर्चीवरचं लेकरू सरळ वर्गात जाईल. आमच्या शाळेनं उतार बांधला, त्याचा फोटो काढला, फोटो वर पाठवला आणि उतार गावाला देऊन टाकला. गावानं त्याच्यावर तूर वाळत घातली. बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी ती तूर पाहिली. स्कूटी वळवून हातपंपापर्यंत मागं नेली, तिथून पिळली, आणि तुरीचा फवारा उडवत उतारावरून व्हरांड्यात, व्हरांड्यातून हेडमास्तरांच्या खोलीत आणि टेबलाला टेकून उभी केली. हेडमास्तर दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन बसले होते.

"नमस्कार सर," बाई म्हणाल्या. "उतार चांगला हाय. चाकं येते. आता तूर काढा."

तूर निघाली. पण बाईंचा विश्वास काही बसला नाही. त्या पुढं दर खेपेला उतार असाच तपासत आल्या. शेवटी शेवटी पांढरकवड्याच्या बाजारात कुणी हॉर्न वाजवला तरी आमच्या सरांचे पाय आपोआप वर जात. एकदा ते तेव्हा उभे होते.

बाई उंच, काळ्यासावळ्या, पन्नाशीला टेकलेल्या. अंगावर सुती साडी, पायात धावायचे बूट आणि डोक्यावर हेल्मेट, जे काढायचं त्यांना अर्धा अर्धा तास भान नसे. पहिलीच्या एका पोरानं बाईंचं चित्र काढलं तर मानेवर टरबूज काढलं होतं. आवाज असा, की त्यांनी आमच्या शाळेत हजेरी घेतली तर पलीकडच्या गावातली पोरं 'हजर' म्हणायची. जन्म बंजारा तांड्यावरचा. आमच्याशी वऱ्हाडीत बोलत, साहेब लोकांशी पुस्तकातल्या मराठीत आणि राग आला की गोरबोलीत. बाई गोरबोलीत शिरल्या की आम्ही एकेक करून खिडकीकडं सरकत असू.

स्कूटीला मागं एक पोतं बांधलेलं असे. त्यात काय नव्हतं! मणी, सुतळी, सरकी, तुराट्या, आणि एक गोधडीएवढा जिल्ह्याचा नकाशा. तो त्यांनी स्वतःच्या आईकडून भरून घेतला होता, तांड्यावरच्या घागऱ्याला भरतात तसा. पैनगंगा निळ्या दोऱ्याची जाड वेणी. यवतमाळच्या जागी आरसा, उमरखेडला कवडी, केळापूरला बटण. झरी जामणीच्या जागी नुसती एक गाठ. मी विचारलं, "इथं काही लावलं नाही?"

"तिथले रस्ते पाह्यले काय तुमी? गाठच हाय ते."

न दिसणारी पोरं त्या नकाशावर बोटं फिरवत अख्खा जिल्हा पालथा घालायची. आमच्या डोळसांना अजून वणी कुठल्या बाजूला आहे ते सांगता येत नाही.

'बिचारा' हा शब्द बाईंसमोर कुणी उच्चारायचा नाही, असा त्यांचा कायदा होता. उच्चारला की शिक्षा. डोळ्यांवर दुपट्टा बांधून हातपंपापर्यंत जाऊन परत यायचं. एकदा हेडमास्तरांच्या तोंडून 'बिचारी पोरगी' निघून गेलं. बाईंनी त्यांच्याच गळ्यातला दुपट्टा काढून त्यांच्याच डोळ्यांवर बांधला. सर निघाले ते ध्वजस्तंभाला जाऊन भिडले. त्याला दोन्ही हातांनी चाचपून "माफ करा भाऊ" म्हणाले, तिथून वळले ते सरळ एका शेळीच्या अंगावर. शेळी ओरडली, सर ओरडले, आणि पाचवीतल्या न दिसणाऱ्या पोरीनं वर्गाच्या दारातून सल्ला दिला, "सर, उजव्या हाताले व्हा. पंपाचा थेंब पडून राह्यला, आयकू नाई येत काय?"

ती पोरगी मयुरी. तिच्याकडं येतोच. आधी वहीचं सांगतो.

जगात सगळे मास्तर पोरांची बरोबर उत्तरं मोजतात. बाई चुका गोळा करत. त्यांच्याकडं एक जाड वही होती आणि तिच्यात प्रत्येक पोराच्या नावाखाली फक्त त्याच्या चुका. कोण 'ब' उलटा काढतो, कोण हातचा धरायला विसरतो, कोण रागावलं की पहिला शब्द गिळतो. देवळात लोकांना आरती पाठ असते तशा बाईंना या चुका पाठ. मी एकदा हसलो तर म्हणाल्या, "मास्तर, चूक म्हंजे पोराचा अंगठा. सही कोनीबी कोनाची मारते. अंगठा नाई मारता येत."

झरीच्या एका शाळेत एका पोराला ऐकू येत नव्हतं म्हणून तिथले गुरुजी त्याच्या तोंडाजवळ जाऊन गळ्याच्या शिरा ताणत ओरडायचे. बाई दाराशी उभ्या राहून पाहत होत्या. मग म्हणाल्या, "गुरुजी, त्याले तुमचा आवाज नाई जात. त्याले तुमचे दात दिसते. घासत जा."

तर मयुरी. आमच्या गावातले गुलाबराव, नऊ एकराचे कास्तकार, कापूस, तूर, सोयाबीन सगळं व्यवस्थित, त्यांची ही थोरली. जन्मापासून दिसत नाही. बाईंनी तिला पाचवीपासून हाताशी धरलं, ब्रेल शिकवली, आणि पोरगी ठिणगी निघाली. नववीपर्यंत तिच्या परीक्षा तोंडी किंवा ब्रेलमध्ये झाल्या. दहावीला मात्र बोर्डाचा पेपर. तिथं लेखनिक लागतो. म्हणजे मयुरीनं सांगायचं आणि खालच्या वर्गातल्या, म्हणजे नववीतल्या, पोरानं किंवा पोरीनं ते लिहायचं.

इथं गुलाबरावांचं डोकं अडकलं. माणूस वाईट नव्हता. पोरीवर जीव होता. पण एकदा डोक्यात काही बसलं की बैलजोडी लावून निघायचं नाही. ते चावडीवर उघड बोलले, "जो लिहते त्याचे मार्क असते. माह्या पोरीनं सोता दहावी काढली, तं मी तिले पुढं शिकवतो. पांढरकवड्याले धाडतो. दुसऱ्याच्या पोरीनं काढून देल्ली, तं काय करू ते घेऊन? अकरावीले त्या लिहनारीलेबी संगं धाडू काय?"

मयुरीच्या कानावर हे गेलंच. तिच्या कानावर काय जात नव्हतं! पांढरकवड्याचं कॉलेज हा तिचा ध्यास होता, आणि आता त्याच्यावर बापाच्या शंकेचं कुलूप लागलं. नुसतं पास होऊन भागणार नव्हतं. पास आपणच झालो हे दाखवायचं होतं.

पूर्वपरीक्षा आली. हेडमास्तरांनी लेखनिक म्हणून नववीतली पहिली येणारी श्रावणी दिली. चांगल्या मुलीला चांगली मुलगी, असा त्यांचा हिशोब. गणिताचा पेपर मी तपासला. शंभरात ब्याऐंशी! मी आनंदानं वेडा व्हायचा बाकी होतो. प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर सांगितलं. माझ्या शिकवण्याबद्दलही दोन शब्द मीच बोललो, कारण दुसरं कुणी बोलण्याची लक्षणं नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या, उतार तपासला, मयुरीचा पेपर मागितला. उभ्या उभ्या पानं उलटत गेल्या आणि एका जागी थांबल्या.

"मास्तर, हे छप्पन्न कोनाचं व्हय?"

"म्हणजे? सात आठे छप्पन्न, बाई."

"ते मले नोका शिकवू. साऱ्या जगाचं छप्पन्न असते. मयुरीचं चोपन्न असते. पाचवीपासून चोपन्न हाय. मी मारून पाह्यलं, पेढे देऊन पाह्यलं, चोपन्नाचं छप्पन्न नाई झालं. हे पोरगी गुणिले म्हनते तवा पहिलेच चोपन्नाचा वास येते मले."

हेडमास्तर चाचरत म्हणाले, "पण मॅडम, छप्पन्न बरोबर आहे ना? मग तक्रार काय आहे आपली?"

"तेच तं! बरोबर हाय म्हनूनच खोटं हाय."

हेडमास्तरांनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. तो रिकामा होता, तरी ते बराच वेळ पीत राहिले.

मयुरीला बोलावलं, श्रावणीलाही. बाईंनी पेपर मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. म्हणजे सगळ्या तालुक्यानं ऐकला. चौथ्या गणिताशी मयुरी म्हणाली, "हे मी नाई सांगतलं." सहाव्याशी म्हणाली, "हेबी नाई." आठव्याशी तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं, कालच्या प्रार्थनेतले माझे दोन शब्द परत गिळता आले तर बरं.

श्रावणी रडायला लागली. "ताई, मी तं मदत केली. तुह्यं चुकून राह्यलं होतं, म्हनून बरोबर लिहलं."

"मले मार्क पाह्यजे होते व," मयुरी म्हणाली. "तुह्ये नोते पाह्यजे."

श्रावणीची तरी काय चूक? आम्हीच तिला नऊ वर्षं शिकवलं होतं की चुकीचं दिसलं की दुरुस्त करायचं. मी मयुरीकडून सगळा पेपर तोंडी परत सोडवून घेतला. सदतीस आले. दुसऱ्या प्रार्थनेला ब्याऐंशीचे सदतीस झाल्याचं मला जाहीर करावं लागलं. या खेपेला मी माझ्या शिकवण्याबद्दल काही बोललो नाही. गुलाबरावांना ती बातमी मिळाली तेव्हा ते नुसतं एवढंच म्हणाले, "मी काय म्हनत होतो?"

मग बाईंनी लेखनिकाची निवड स्वतःकडं घेतली. अशी परीक्षा मी जन्मात पाहिली नव्हती. नववीचा अख्खा वर्ग बसवला आणि सांगितलं, मी बोलते, तुमी लिहा. "यवतमाळ जिल्ह्याले तीन बाजूंनी समुद्र हाय. उमरखेडले विमानाचा कारखाना हाय. म्हैस वर्सातून दोन डाव अंडे देते." एका पोरानं हात वर केला, "म्याडम, समुद्र नाई हाय." बाद. एकीनं गुपचूप 'समुद्र नाही' असं लिहिलं. तीही बाद. म्हशीपाशी निम्मा वर्ग हसला. हसणारे सगळे बाद.

मला राहवलं नाही. "यात काय अवघड आहे बाई?" मी म्हणालो. "आणा पेन."

बाईंच्या डोळ्यांत जी चमक आली ती पाहून शहाण्या माणसानं पळ काढला असता. त्यांनी मयुरीला माझ्यासमोर बसवलं. मयुरी गंभीरपणे म्हणाली, "लिहा सर. सात आठे चोपन्न."

मी पाच लिहिला. पुढं चार काढायला गेलो तर मनगट आखडलं. बावीस वर्षांची नोकरी त्या पेनाच्या टोकाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, खबरदार! डोळे मिटून जोर लावला. डोळे उघडले तर कागदावर सहा होता.

"उठा," बाई म्हणाल्या. "तुमाले लागन झाली हाय. दुरुस्तीची. औषध नाई त्याले."

हेडमास्तरांनाही बसवलं. त्यांनी पेन उघडून विचारलं, "याला वरून मंजुरी आहे का?" त्यांना लगेच उठवलं.

वर्गात शेवटी एकच पोरगी उरली. तांड्यावरची कोमल. मागच्या बाकावर बसायची, अक्षर मोत्यासारखं, आणि चेहरा असा की शेजारी वीज पडली तरी पापणी लवायची नाही. तिनं समुद्र लिहिला होता, विमान लिहिलं होतं, म्हशीची अंडीही सुबक अक्षरात लिहिली होती.

"तुले काई वाटलं नाई व?" बाईंनी विचारलं.

"तुमी सांगतलं, मी लिहलं," कोमल म्हणाली. "म्हैस तुमची, अंडे तिचे. मले काय करा लागते?"

बाईंनी तिला तिथंच छातीशी धरलं. कोमलचा चेहरा तेव्हाही हलला नाही.

पुढं दोन महिने तालीम चालली. पिंपळाखाली मयुरी सांगायची, कोमल लिहायची, आणि बाई हेल्मेट घालून घिरट्या घालायच्या. "जे कानात येईन ते कागदावर. मधात तू नाई. तू ठिबकची नळी हायेस पोरी. नळीतून पानी जाते, नळी पानी पेत नाई. समजलं?" कोमल मान हलवायची. बाईंचं आयुष्यात एकदा चुकलं असेल तर ते इथं. ठिबकच्या नळीला गाळणी लावावी लागते, हे त्या विसरल्या. पण ते आम्हाला फार नंतर कळलं.

बोर्डाचे पेपर झाले. मयुरीला वेगळी खोली, वाढीव वेळ, आणि पर्यवेक्षक म्हणून परगावचे एक म्हातारे गुरुजी, जे उत्तरपत्रिका देऊन सही करत आणि मग घंटा होईपर्यंत घोरत. बाईंना आत जायला बंदी. त्या रोज फाटकाबाहेर स्कूटीवर बसून राहत. त्या परीक्षा केंद्रावर त्या वर्षी एकही कॉपी सापडली नाही. भरारी पथकानं स्वतःचं कौतुक करून घेतलं, पण खरं कारण फाटकाबाहेर हेल्मेट घालून बसलेलं होतं.

निकाल लागला. मयुरी पास! गणितात अडतीस. अडतीस ऐकून ती अशी हसली की कुणी ब्याण्णवलाही हसत नाही. बाई पेढ्यांचा डबा घेऊन गुलाबरावांच्या अंगणात गेल्या, मागून मी.

गुलाबरावांनी पेढा खाल्ला, मिशी पुसली आणि म्हणाले, "पेढा गोड हाय, म्याडम. पन हा डबा तांड्यावर त्या पोरीच्या घरी न्या. पास तिनं केली. अकरावीचा फारमबी तिचाच भरा."

"बाबा, अडतीस माह्ये हायेत," मयुरी म्हणाली.

"कागदावर तुह्यं अक्षर हाय काय?"

मयुरी आत गेली. दार लागलं नाही, आपटलं.

मी बाईंना गोरबोलीत शिरताना ऐकलं आणि चार पावलं मागं झालो. पण त्या मध्येच थांबल्या. "मास्तर, बोर्ड उत्तरपत्रिकेची झेरॉक्स देते ना?"

देते. अर्ज केला की देते. हेडमास्तर हादरले. नापासांनी मागावी, पास झालेल्याची कशाला? झोपलेल्या नागाला काडी लावण्याचा प्रकार! पण बाईंनी स्कूटी चालू केल्याचा नुसता आवाज केला, आणि सरांनी पाय वर घेऊन सही केली.

गणित आणि मराठी, दोन पेपरांची प्रत ई-मेलवर आली तेव्हा अकरावीच्या प्रवेशाचे दोन दिवस उरले होते. पांढरकवड्याच्या दुकानात कागद छापून निघाले ते गरम गरम घेऊन बाई निघाल्या, मागच्या सीटवर मी, कागद माझ्या छातीशी. आधी वाचून पाहावं एवढंही सुचलं नाही. त्या वेगात मला फक्त देव सुचत होता.

सकाळची वेळ. गुलाबराव अंगणात बाजेवर बसून पेरणीचं बियाणं निवडत होते. मयुरीची आई, आमच्या काकू, तिथंच चुलीपुढं भाकरी थापत होत्या. मयुरी उंबऱ्यावर. हेडमास्तरही आपल्या फटफटीवर मागोमाग आले होते, कारण काही झालं तर आपण तिथं होतो हे सांगण्यापेक्षा आपण अडवलं होतं हे सांगणं त्यांना बरं वाटत असावं.

मी आधी गणित दाखवलं. "हे बघा गुलाबराव, सात आठे चोपन्न. हे मयुरीचंच!"

गुलाबरावांनी शांतपणे विचारलं, "अन् त्या तांड्यावरच्या पोरीले सात आठे किती येते?"

कोमलचं गणित मला ठाऊक होतं. तिला सात आठे काहीही येऊ शकत होतं.

"मराठी वाचा," बाई दात आवळून म्हणाल्या.

निबंधाला मयुरीनं 'माझे घर' हा विषय घेतला होता. मी घसा साफ करून सुरुवात केली. "माझे घर. माझ्या घरात सर्वांत आधी माझी आई उठते. थांब व, पहिले विषयाच्या खाली रेघ मार. मारली काय? हं. आमच्याकडे गॅस आहे, पण बाबांना चुलीवरचीच भाकर लागते…"

मी थांबलो. परत वाचलं. तसंच होतं. मोत्यासारख्या अक्षरात, ओळ न चुकता. पुढं होतं, "एक मिनिट, नाक शिंकरू दे." याच्यापुढं तपासणाऱ्यानं लाल शाईत प्रश्नचिन्ह काढलं होतं, पण खाली मार्क दिले होते.

बाईंचा जबडा खाली आला. "आग लागो!" त्या पुटपुटल्या. "पान्यासंगं गाळबी आला."

मयुरीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "तिनं सारंच लिहलं काय? सारंच?" मग ती ताडकन उठली. "सर, नोका वाचू. पुढं नोका वाचू सर!"

पण गुलाबराव आता पुढं सरकले होते. "वाचा मास्तर. कायले थांबले?"

मी वाचलं. "मला दिसत नाही, म्हणून घरातले लोक माझ्यासमोर काहीही करतात. त्यांना वाटते, हिला काय कळते. माझे बाबा गावाच्या व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्ष आहेत. त्यांनी देवळात आईचा हात धरून खर्रा सोडला. पण रोज संध्याकाळी बैल बांधून झाले की गोठ्यातून पन्नीवर सुपारी-तंबाखू घासल्याचा आवाज येतो. मग बाबा खोकलतात, म्हणजे आवाज झाकला जाईल. गव्हाणीच्या खाली पत्र्याचा डबा आहे. त्याचे झाकण करकरते."

चुलीवरची भाकर करपल्याचा वास आला. कुणी उलटली नाही.

माझ्या तोंडातून पुढचं आपोआप निघून गेलं. "ए कोमल, हे नोको लिहू व, बाबाले समजन. लिहलं काय? बरं राहू दे. पेपर अमरावतीले जाते. बाबा कुठी अमरावतीले जाते?"

हेडमास्तर हळूच आपल्या फटफटीकडं सरकले.

काकू उठल्या. हाताला पीठ तसंच. गुलाबराव म्हणाले, "खोटं हाय हे! सपशेल खोटं! त्या पोरीनं मनानं लिहलं!"

बाई बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. शेजारच्या गावाला बहुतेक वाटलं असेल, बाई वारल्या.

"गुलाबभाऊ, तुमी म्हनता ते मी मानते. हे खोटं असन, तं कोमलनं मनानं लिहलं. मंग मार्क तिचे, मी हारली, फारम फाडून टाकते. अन् खरं असन, तं हे तिले ठाऊक असाचं काई कारन नाई. तांड्यावरून तुमच्या गोठ्यातलं झाकन आयकू येत नाई. मंग पेपर तुमच्या लेकीचा. तुमीच सांगा. खरं की खोटं?"

गुलाबरावांनी बियाण्याकडं पाहिलं. बायकोकडं पाहिलं आणि लगेच परत बियाण्याकडं. मयुरी दाराची चौकट घट्ट धरून उभी होती. तिला बापाचा चेहरा दिसत नव्हता. पण ती त्याचा श्वास ऐकत होती हे तिच्या मानेवरून कळत होतं. मलाच तिथं उभं राहवत नव्हतं. या माणसानं आत्ता 'खोटं' म्हटलं असतं तर घर वाचलं असतं, अध्यक्षपद वाचलं असतं, आणि पोरगी बुडाली असती.

"बोला ना आता," काकू म्हणाल्या.

गुलाबराव उठले. गोठ्यात गेले. आतून झाकण करकरलं, सगळ्यांनी ऐकलं. बाहेर येऊन त्यांनी पत्र्याचा डबा बाजेवर, उत्तरपत्रिकेच्या शेजारी ठेवला.

"खरं हाय," ते म्हणाले. "पेपर तिचाच हाय. मार्कबी तिचेच." मग मयुरीकडं वळून, "एवढं आयकू येते काय व तुले?"

"हाव बाबा," मयुरी म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. "दुसरा डबाबी आना ना. बियान्याच्या कोठीमागचा."

काकूंनी कमरेला पदर खोचला. गुलाबरावांनी दोन्ही हात जोडून बाईंकडं पाहिलं.

"म्याडम," ते म्हणाले, "हिले पांढरकवड्याले नोका धाडू. लय जवळ पडते. यवतमाळले होस्टेलात टाका. मी आजच संगं येतो."